चेकिंग खातं, अक्कलकोट रोड

मस्टरमध्ये दोनच अक्षरं. ह आणि ग.
हजर, गैरहजर.
सात वर्षं मी या दोघांमधल्या रेघेवर उभी आहे
आणि उभं राहणं हीच तर अडचण आहे.

आजाराचं नाव लांबलचक.
डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं:
वायरवरचं रबर जागोजागी खरवडलं जातं,
मग करंट कुठं पोचतो, कुठं वाटेतच सांडतो.
मला लगेच कळलं.
आमच्या शेडमधली निम्मी वायरिंग तशीच आहे.

जानेवारीत, गड्ड्याच्या गर्दीत
पोरीसोबत मी उंच पाळण्यात बसले,
वरून अख्खं तळं पाहिलं, चालत घरी आले.
कोण म्हणेल?
एप्रिलात अकराला पत्रा तापतो
आणि टॉवेलवरचे टाके एकमेकांत मिसळतात,
डाव्या पायात कुणीतरी ओली वाळू भरतं.
चाळीसला मी माणूस असते,
चव्वेचाळीसला गाठोडं.

"काय होऊलालंय गं तुला? काल तर टणटणीत होतीस की."
रेणुका म्हणाली. वाईट मनानं नाही.
ताप असता तर तिनं हात लावून पाहिला असता.
पाय मोडला असता तर प्लास्टर दिसलं असतं.
माझा पुरावा ऊन उतरलं की
संध्याकाळी सहाच्या भोंग्याबरोबर घरी जातो.

मागितलं काय मी?
एक स्टूल. कूलरजवळचं टेबल.
उन्हाळ्याचे तीन महिने पहाटेची पाळी.
आणि वाईट दिवशी, कुणाच्या पाया न पडता
टेकता येईल एवढी जागा
गोदामात, सुताच्या कोनांमागं.
गाजूल शेठ म्हणाले, एकीला दिलं की चाळीस जणी मागतील.
मी म्हणाले, मागू देत की.
मग बोललेल्याला मीच घाबरले.

स्टूल आलं. नवं नाही.
बिराजदारमामांनी भंगारातल्या लूमच्या पट्ट्या वेल्ड केल्या,
वर नापास टॉवेलची चौपदरी घडी शिवली.
तो टॉवेल मीच नापास केलेला,
एक धागा सुटला होता म्हणून.

आता जे घरीही सांगितलं नाही ते सांगते.
चांगल्या दिवशीही मी स्टुलावरच बसते.
पाय म्हणतात ऊठ, तरी बसते.
उभी दिसले तर स्टूल जाईल.
शेठची गाडी गेटात वाजली की
थोडी लंगडतेसुद्धा.
खऱ्या दुखण्याचं नाटक करते मी,
ते खरं आहे हे पटावं म्हणून.
याची हजेरी कुठल्या रकान्यात?

एकदा चौथ्या दिवशीचं पाणी आलं होतं,
दोन हातांत दोन घागरी घेऊन मी झपझप निघालेली
आणि समोर मामा, सायकलवर.
घागरी गार होत्या, त्याहून मी गार.
दुसऱ्या दिवशी त्यांनी "बरी झालीस का" विचारलं नाही.
म्हणाले, "आजचा दिवस कसाय?"
"चांगला."
"मग ऱ्हा की उभी. स्टूल कुठं पळून जातंय? उद्या लागंल."
मी उभी राहिले.
रेणुकानं स्टुलावर जेवणाचा डबा ठेवला.

परवा मंगळवारी दहालाच डोळा गेला.
मी नुसता हात वर केला.
कोनांमागं, डोक्यावर ओला टॉवेल,
पंख्याची पाती मोजत पडून राहिले तीन तास,
मग उठून दीड गठ्ठा तपासला.
कुणी हाक मारली नाही, कुणी कीवही केली नाही.

निघताना मस्टरात डोकावले.
माझ्या नावापुढं ह.
आणि त्या ह वर, निळ्या पेनाचं, एक टिंब.
मामा म्हणाले, शेठनी विचारलं तर
शाई सांडली म्हणायचं.

रिक्षात बसून घरापर्यंत
मी ते अक्षर पुन्हा पुन्हा वाचत राहिले,
ओठ मिटून:
हं.